चोरी पचू नये म्हणून

मौल्यवान वस्तू चोरापासून राखायची तर ती घट्ट धरावी, कडीकुलपात ठेवावी, प्रवासात सोबत राखणदार न्यावा, हे कोणालाही सुचते. याहून अवघड आणि अधिक टिकाऊ उपाय दुसरा आहे. वस्तू चोराच्या हाती पडली तरी ती त्याला पचू नये, अशी तजवीज तिच्या घडणीतच आणि तिच्याभोवतीच्या व्यवहारातच आधी करून ठेवायची. मोबाइल फोनच्या चोरीविरुद्ध गेल्या तीसेक वर्षांत जे जे करून पाहिले गेले, त्यातले जे खरोखर उपयोगी पडले ते याच प्रकारातले आहे, असे माझे म्हणणे आहे. खिसा सांभाळा, गर्दीत फोन बाहेर काढू नका, हा उपदेश चुकीचा नाही. पण लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाचे हात आधीच गुंतलेले असतात आणि सावधपणा दिवसभर टिकत नाही. चोरी पचू न देणारी व्यवस्था माणूस दमला तरी जागी राहते. तिचा इतिहास फोनच्या पुष्कळ आधी सुरू होतो, आणि आजच्या फोनच्या संरक्षणात काय राहून गेले आहे हे त्या जुन्या इतिहासाकडे पाहिले की नीट कळते.

रोख पैसा दूरच्या गावी पोचवणे हा एके काळी जिवावरचा खेळ होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या पेढ्यांची रोकड माळव्याकडे नेणारी माणसे वाटेत ठगांच्या हातून मारली गेल्याच्या हकिकती, ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या काळातल्या कागदपत्रांत आहेत. या धोक्यावर सावकारांकडे जो तोडगा फार आधीपासून होता तो हुंडीचा. पेशवाईतला मोठमोठा वसूल हुंड्यांवरूनच पुण्याला येत असे. हुंडी हा नुसता कागद. पण त्यातही शहाजोग हुंडीची रचना पाहण्यासारखी आहे. ती ज्याच्या हातात असेल त्याला पैसे मिळत नसत. बाजारात पत असलेल्या, पेढीला ठाऊक असलेल्या शहाकडूनच ती सादर व्हावी लागे. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर त्या शहाला रक्कम व्याजासह परत करावी लागे, त्यामुळे अनोळखी माणसाने आणलेल्या हुंडीला तोही चौकशी केल्याशिवाय हात लावत नसे. रकमेच्या आकड्यात फेरफार होऊ नये म्हणून अर्धी रक्कम लिहून तिची दुप्पट असाही उल्लेख करत. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पेठ, मिळे. पेठही हरवली तर परपेठ. एका प्रतीवर पैसे चुकते झाले की बाकीच्या प्रती निरर्थक होत. वाटमाऱ्याने हुंडी लुटली तरी त्याच्या हाती लागे तो एक कागद. पैसा होता तो दूरच्या पेढीच्या वहीत आणि बाजाराच्या ओळखीत.

ब्रिटिश अमदानीत, १८६१ च्या कायद्यानंतर सरकारी नोटा आल्या आणि जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. नोट ज्याच्या हाती त्याची. मग ती टपालाने कशी पाठवायची? लोकांनी काढलेली युक्ती साधी होती: नोट मधोमध कापायची, एक अर्ध टपालात टाकायचे, ते पोचल्याची खबर आली की दुसरे पाठवायचे. टपालाची एक थैली लुटणाऱ्याला अर्धी नोट मिळे, आणि अर्ध्या नोटेचे काही येत नसे. या रिवाजात हुंडीत नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे मुद्दाम ठेवलेला उशीर. दोन अर्धांच्या मधल्या काही दिवसांत मालकाला चोरी कळे आणि पुढचे पाऊल रोखता येई. ओळखीचा माणूस मध्ये घालणे, हरवलेली प्रत निकामी करण्याची सोय ठेवणे आणि व्यवहारात जाणूनबुजून उशीर ठेवणे, एवढ्या गोष्टी आपल्या व्यापारी जगाला विजेचा दिवा येण्याआधी ठाऊक होत्या. मोबाइलच्या जगाला त्या एकेक करून पुन्हा शोधाव्या लागल्या, आणि प्रत्येक वेळी चोरांनी बरीच वर्षे लूट केल्यानंतर.

सुरुवातीच्या ॲनालॉग मोबाइलमध्ये तर फोन चोरावाही लागत नसे. अमेरिकेत १९९० च्या आसपास चालणाऱ्या त्या यंत्रणेत फोन आपला नंबर आणि अनुक्रमांक उघडपणे हवेत पाठवत असे. रस्त्याकडेला रेडिओ घेऊन बसलेला भामटा ते पकडी, दुसऱ्या फोनमध्ये भरी, आणि बिल मूळ मालकाच्या नावे येई. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या जीएसएम पद्धतीने हे बंद केले. ग्राहकाची ओळख सिमकार्डात गेली आणि त्यातली गुप्त किल्ली कार्डाबाहेर कधी येतच नसे. पण या चांगल्या सुधारणेतूनच नवी चोरी जन्माला आली. ओळख सिममध्ये गेल्यामुळे हँडसेट कोणाचाच राहिला नाही. जुने सिम फेकले, नवे घातले, की चोरीचा फोन चोराचा किंवा त्याच्या गिऱ्हाइकाचा. जीएसएम आखणाऱ्यांना हे दिसत नव्हते असे नाही. प्रत्येक हँडसेटला त्यांनी १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिला होता, जो आजही *#०६# दाबले की पडद्यावर येतो, आणि चोरीच्या क्रमांकांच्या काळ्या यादीचीही सोय आराखड्यात होती. मात्र ती यादी ठेवणे कंपन्यांच्या मर्जीवर होते, आणि शेजारच्या कंपनीला ती दाखवणे तर त्याहून मर्जीवर. चोरीचा फोनही नवे सिम घेतो, नवे बिल भरतो. तो बंद करण्यात कंपनीचा स्वतःचा फायदा काहीच नव्हता. जुन्या बाजारातल्या शहाने चौकशी केली नाही तर नुकसान त्याचेच होई. येथे चौकशी न करणाऱ्याचे काहीच जात नव्हते.

याचे फळ ब्रिटनने आधी भोगले. ब्रिटिश गृहखात्याने २००२ च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्षाला सुमारे ७ लाख फोन चोरीला जात असल्याचा अंदाज होता, आणि बळी पडणाऱ्यांत शाळकरी मुले फार होती. त्याच वर्षी तेथे फोनचा आयएमईआय बदलणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला आणि सर्व कंपन्यांनी काळी यादी सामाईक केली. भारतात ही जाग आणखी उशिरा, आणि वेगळ्याच कारणाने आली. स्वस्त, बिननावाच्या फोनांचा लोंढा बाजारात होता. कित्येकांना क्रमांकच नव्हता, कित्येकांत सगळी शून्ये. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००९ च्या अखेरीस वैध आयएमईआय नसलेल्या फोनांची सेवा बंद करण्यात आली. २०१७ मध्ये आयएमईआयशी छेडछाड करणे तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला. तरीही २०२० मध्ये मेरठ पोलिसांच्या तपासात एकाच आयएमईआयवर १३ हजारांहून अधिक फोन चालत असल्याचे उघड झाले. क्रमांक होता, कायदाही होता. पण क्रमांक पाहून दार लावणारी एक सामाईक वही अजून देशभर चालू नव्हती.

ती वही पहिल्यांदा उघडली गेली होती ती आपल्याकडे, महाराष्ट्रात. १३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत सीईआयआर या केंद्रीय नोंदवहीचा प्रायोगिक प्रारंभ झाला आणि महाराष्ट्र व गोवा त्या प्रयोगात होते. डिसेंबरात दिल्ली आली, आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या नावाखाली ती देशभर खुली झाली. पोलिसांत तक्रार द्यायची, त्याच नंबरचे नवे सिम घ्यायचे, तक्रारीची प्रत आणि आयएमईआय नोंदवायचा. मग तो हँडसेट भारतातल्या कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही, आणि कोणी सिम घालून पाहिले तर त्याची खबर तपास करणाऱ्यांपर्यंत जाते. तक्रार लिहून घेण्यापलीकडे हाती काही नसलेल्या पोलीस ठाण्याला पहिल्यांदाच एक धागा मिळाला. नेहरूनगरच्या पादचारी पुलावर किंवा ठाण्याच्या फलाटावर हरवलेला फोन परत मिळण्याची आशा धरावी, अशी परिस्थिती या वहीआधी नव्हती. २०२५ मध्ये रेल्वे सुरक्षा दलही तिला जोडले गेले. मुंबईच्या लोकलमध्ये फोन गमावणाऱ्यांची संख्या लक्षात घेता ते सहा वर्षे आधीच व्हायला हवे होते.

नोंदवहीची मर्यादा देशाच्या हद्दीशी संपते. काळ्या यादीतला फोन यादी न पाळणाऱ्या देशात पाठवला की तो पुन्हा जिवंत. म्हणून पुढचे पाऊल फोनच्या आतच टाकावे लागले. जून २०१३ मध्ये न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एरिक श्नायडरमन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जिल्हा सरकारी वकील जॉर्ज गॅस्कॉन यांनी फोन-कंपन्यांवर दबाव आणण्याची मोहीम उघडली. मागणी अशी की मालकाच्या परवानगीविना चोरीचा फोन पुन्हा सुरूच होऊ नये. अमेरिकेतल्या मोबाइल उद्योगाच्या संघटनेने सुरुवातीला विरोध केला. हॅकर या सोयीचा दुरुपयोग करतील, असे तिचे म्हणणे होते. त्याच सप्टेंबरात ॲपलने ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ आणले: फोन पूर्ण पुसला तरी मूळ मालकाच्या खात्याचा पासवर्ड दिल्याशिवाय तो चालू होत नाही. अँड्रॉइडमध्ये अशीच सोय २०१५ मध्ये आली. श्नायडरमन यांच्या कार्यालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे ॲक्टिव्हेशन लॉक आल्यानंतरच्या बारा महिन्यांत आयफोनची चोरी सॅन फ्रान्सिस्कोत ४० टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी घटली. या काळातली सर्वांत मोलाची गोष्ट मला कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली एक अट वाटते. ऑगस्ट २०१४ मध्ये संमत आणि १ जुलै २०१५ पासून लागू झालेल्या त्या कायद्याने सांगितले की ही सोय नव्या फोनमध्ये आपोआप चालू असलीच पाहिजे. नको असेल त्याने ती बंद करावी. कारण उघड आहे. दहा फोनांपैकी दोनच कुलूपबंद असतील तर चोर दहाही चोरून पाहील. सगळेच असतील, तर तो हात घालण्याआधी विचार करील.

यावर कोणी म्हणेल की हे सारे दोन-चार वर्षांचे समाधान होते; चोऱ्या पुन्हा वाढल्याच. आक्षेप खरा आहे. २०२४ मध्ये एकट्या लंडनमध्ये लाखाहून अधिक फोन चोरीला गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथल्या पोलिसांनी एक टोळी पकडली. वर्षभरात सुमारे ४० हजार फोन तिने चीनकडे पाठवले असावेत, असा त्यांचा संशय आहे. चीनमधल्या अनेक कंपन्या आंतरराष्ट्रीय काळी यादी पाळत नाहीत, आणि कुलूपबंद फोनचेही सुटे भाग विकले जातात. परंतु या आकड्यांचा अर्थ उपाय फसला असा लावणे मला पटत नाही. पूर्वी नाक्यावरचा कोणीही दुकानदार चोरीचा फोन विकू शकत होता. आता त्यासाठी सीमेपलीकडे जाळे असलेली टोळी लागते. पचवणे अवघड झाले म्हणूनच पचवणारे मोठे झाले. शिवाय पडदा आणि कॅमेरा विकून मिळणारी रक्कम हे आजच्या चोरीचे एकमेव आमिष नाही. फोनचे मूल्य आता त्याच्या सांगाड्यात कमी आणि त्यातल्या मजकुरात जास्त आहे.

मजकुराचे रक्षण हा या इतिहासाचा वेगळा प्रवाह. २००७ च्या पहिल्या आयफोनला चार अंकी पासकोड होता, म्हणजे १० हजार शक्यता. २०११ मध्ये एका ॲप-निर्मात्याने दोन लाखांहून अधिक पासकोड तपासले तेव्हा सर्वांत लाडका निघाला १२३४, आणि सर्वाधिक वापरातल्या दहा पासकोडांवरच सुमारे १५ टक्के लोकांची भिस्त होती. २०१४ पासून फोनमधला बहुतेक मजकूर पासकोडाशी जोडलेल्या किल्लीने गूढ होऊ लागला, २०१५ मध्ये सहा अंक हा शिरस्ता झाला, म्हणजे १० लाख शक्यता, आणि चुकीच्या प्रयत्नांनंतर वाट पाहायला लावणारी चिप आली. बंद फोन उघडणे साध्या चोराच्या आवाक्याबाहेर गेले, आणि मग पोलिसांच्याही. डिसेंबर २०१५ मधल्या कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो हत्याकांडातल्या हल्लेखोराचा आयफोन उघडून देण्यास ॲपलने नकार दिला तेव्हा फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले; महिन्याभराने तपासयंत्रणेला दुसरा मार्ग सापडला आणि खटला मिटला. अशा कुलपाने गुन्हेगारालाही आसरा मिळतो, हा आक्षेप तेव्हापासून वारंवार येतो, आणि ज्याच्या घरातले माणूस मारले गेले त्याच्या तोंडी तो असेल तर त्याला सहज बाजूला सारता येत नाही. तरीही एकट्या पोलिसांसाठी उघडेल असे कुलूप बनवता येत नाही. आज तपासासाठी ठेवलेली फट उद्या टोळीच्या हाती लागते. रस्त्यावर रोज फोन गमावणारी माणसे असंख्य आहेत आणि त्यांचे सारे आयुष्य त्या फोनमध्ये आहे. तराजू त्यांच्या बाजूने झुकतो, असे मला वाटते.

बंद फोन अभेद्य होत गेला तसा चोराने उघडा फोन हेरायला सुरुवात केली. ब्राझीलमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये पिक्स ही तत्काळ पैसे पाठवण्याची सेवा आली आणि चालू फोन हातातून हिसकावून खाती रिकामी करण्याचे प्रकार माजले. अमेरिकेत २०२३ च्या फेब्रुवारीत वॉल स्ट्रीट जर्नलने दाखवून दिले की बारमध्ये खांद्यावरून पासकोड पाहून मग फोन चोरणाऱ्या टोळ्या त्याच एका पासकोडाने मालकाच्या खात्याचा पासवर्ड बदलतात, आणि मालकच बाहेर राहतो. हुंडीशी तुलना केली की दोष लगेच सापडतो. हुंडी एकाकडे असे आणि ओळख पटवणारा शहा दुसरा असे. फोनमध्ये पैसाही आहे आणि मालकाची ओळख पटवणारा साक्षीदारही तोच आहे. बँक विचारते, हा माणूस खरा का? आणि उत्तर त्याच चोरीच्या फोनवर ओटीपी होऊन येते.

भारतात हा दोष अधिक खोल आहे, कारण आपण २०१६ नंतर यूपीआयच्या रूपाने भाजीवाल्यापासून दवाखान्यापर्यंतचा व्यवहार मोबाइल नंबरावर उभा केला. यूपीआयचा पिन फोनच्या पासकोडाहून वेगळा आहे, ही त्यातली मोठी जमेची बाजू. पण अनेक बँकांत तो पिन नव्याने ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी पुरतात, आणि कार्डाचा फोटो पुष्कळांच्या गॅलरीतच असतो. फोन बंद असला तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो, आणि ओटीपी तिकडे येऊ लागतात. सरकारने येथे उशिराचा उपाय योजला आहे: २०२२ पासून बदली सिम घेतल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात, आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. हे नियम तोतयाने बदली सिम मागण्याविरुद्ध आहेत. चोरलेले मूळ सिम बदललेलेच नसते, म्हणून त्याला ते लागू होत नाहीत. त्याच्यावरचा उपाय जीएसएम इतकाच जुना आहे: सिमचा स्वतःचा पिन. तीनदा चुकला की सिम आठ अंकी पीयूके क्रमांकाशिवाय उघडत नाही. जर्मनीसारख्या देशात सिम या पिनसह चालू अवस्थेतच मिळते. आपल्याकडे तो बंद असतो आणि बहुतेकांना तो असल्याचेही माहीत नसते.

इतक्या नोंदी आणि कुलपे सरकार व कंपन्यांच्या हाती दिली तर पाळत ठेवणे सोपे होईल, ही भीती रास्त आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार खात्याने प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच बसवण्याचा आदेश कंपन्यांना दिला. त्यावर गदारोळ झाला आणि काही दिवसांतच ती सक्ती मागे घेतली गेली. माघार योग्यच होती. चोरीचा क्रमांक नाकारायला नेटवर्कवरची यादी पुरते. त्यासाठी प्रत्येकाच्या खिशात सरकारी ॲप असण्याची गरज नाही. सिमचा पिन, फोनमध्ये पासवर्ड बदलण्याआधी ठेवलेला उशीर किंवा कार्डाचे फोटो वेगळ्या कुलपात ठेवणे यांतून तर कोणाकडेच काही माहिती जात नाही. जानेवारी २०२४ मध्ये आयफोनला मिळालेल्या ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’मध्ये घर किंवा कचेरीसारख्या नेहमीच्या जागेबाहेर खात्याचा पासवर्ड बदलायचा तर चेहरा किंवा बोट लागते आणि तासभर थांबून ते पुन्हा दाखवावे लागते. त्याच वर्षी गूगलने हिसका आणि पळ ओळखून पडदा बंद करणारी सोय आणली, आणि तिची चाचणी ब्राझीलमध्ये घेतली. दोन्ही उपाय चांगले आहेत. पण अशा सोयी मालकाने सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः शोधायच्या असल्या, की त्यांचे अर्धे बळ जाते. सॅन फ्रान्सिस्कोतला अनुभव समोर असताना आपल्या दूरसंचार खात्याने आणि रिझर्व्ह बँकेने मागावे ते नेमके आहे: सिमचा पिन विक्रीच्या वेळीच चालू करून, ग्राहकासमोर बदलून दिला जावा, खात्याचे पासवर्ड आणि यूपीआय पिन बदलण्याला नव्या फोनवर किंवा अनोळखी जागी सक्तीचा उशीर असावा, आणि तो उशीर ज्याला नको त्याने, ओळख पटवून, स्वतः काढावा.